‘लिटल’मध्ये ‘नाही’ दडलेलं असतं

या महिन्यात शब्दशंकेच्या पेटीत आलेली बरीच पत्रं एकाच इंग्रजी शब्दाभोवती फिरत होती. तो शब्द ‘लिटल’. तिसरी-चौथीत बालगीतातून भेटणारा हा शब्द मुलाखतीपर्यंत चकवत राहतो. म्हणून या वेळी सगळा अंक त्याला आणि त्याच्या ‘लहान’ भावंडांना दिला आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, कारण यातला अर्धा घोळ कानाचा आहे.

प्रश्न : ‘मला थोडं इंग्रजी येतं’ हे ‘आय नो लिटल इंग्लिश’ असं सांगितलं तर चूक काय? ‘लिटल’ म्हणजे थोडंच ना? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, महाल)

व्याकरणाची चूक नाही. पण तुम्हाला जे म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट तुम्ही म्हणालात. ‘आय नो लिटल इंग्लिश’ म्हणजे ‘मला इंग्रजी फारसं येत नाही’. ‘थोडं येतं’ असं सांगायचं तर ‘आय नो अ लिटल इंग्लिश’. सगळा फरक त्या एका ‘अ’चा.

‘अ’ नसलेला ‘लिटल’ नकारार्थी शब्द आहे. वाक्यात ‘नॉट’ दिसत नाही, पण त्याचं मराठी करायला बसलं की ‘नाही’ आणावंच लागतं. उलट ‘अ लिटल’ होकारार्थी आहे. कमी आहे, पण आहे. शब्दकोशात दोन्हींसमोर ‘थोडं’ लिहिलेलं असतं, तिथेच आपली फसगत होते. मराठीत हा फरक शब्द बदलून होत नाही, वाक्य फिरवून होतो : ‘थोडं तरी आहे’ आणि ‘फारसं नाही’.

मे महिन्यातला कूलर डोळ्यासमोर आणा. टाकीच्या तळाशी पंप आहे. ‘देअर इज अ लिटल वॉटर इन द कूलर’ म्हटलं तर पाणी कमी असलं तरी पंप बुडालेला आहे, वाळ्याच्या ताट्या भिजताहेत, तासभर निभेल. ‘देअर इज लिटल वॉटर इन द कूलर’ म्हटलं तर पंप उघडा पडत आलाय, पाण्याऐवजी हवा ओढतोय. बटण बंद करा, नाहीतर तापून जळेल. पाणी दोन्ही वेळा तेवढंच, दोन इंच, असू शकतं. बोलणाऱ्याला ते पुरेसं वाटतं की नाही, एवढंच ‘अ’ सांगतो. माप सांगत नाही.

पडताळा सोपा आहे. ‘लिटल’च्या जागी ‘नॉट मच’चा अर्थ बसत असेल तर ‘अ’ नको, ‘सम’ बसत असेल तर ‘अ’ हवा. आणि एक सल्ला : बोलताना नुसता ‘लिटल’ वापरूच नका. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही रोजच्या बोलण्यात तो क्वचित वापरतात. ‘फारसं नाही’साठी ते ‘नॉट मच’ किंवा ‘व्हेरी लिटल’ म्हणतात. नुसता ‘लिटल’ हा बराचसा लिहिण्यातला, जरा औपचारिक शब्द आहे.

उच्चाराबद्दलही थोडं. हा ‘अ’ ‘अगदी’मधल्या ‘अ’सारखा हलका आणि आखूड असतो. बरेच जण तो ‘ए’ असा ठासून म्हणतात, मग पुढच्या घाईत तो गाळण्याची सवय लागते. ‘अलिटल’ असा एकच शब्द समजून म्हणून पाहा, विसरायला होणार नाही.

तिसरं रूप ‘द लिटल’. त्यात ‘होतं नव्हतं तेवढं’ असा अर्थ येतो. ‘ही पोअर्ड द लिटल वॉटर दॅट वॉज लेफ्ट इनटू द कूलर’ म्हणजे उरलंसुरलं सगळं पाणी त्याने कूलरमध्ये ओतलं. परीक्षेत हे रूप ओळखायची खूण अशी की पुढे बहुतेक वेळा ते थोडकं कोणतं हे सांगणारं उपवाक्य असतं. आणखी दोन खाचखळगे : ‘ओन्ली अ लिटल’मध्ये ‘अ’ असूनही सूर पुन्हा नकाराकडे झुकतो, आणि ‘नॉट अ लिटल’ म्हणजे थोडं नव्हे, बरंच.

मोजता येणाऱ्या नामांना हाच नियम ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांनी लागू होतो. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे काही जण आले. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे मंडप रिकामाच राहिला.

प्रश्न : डॉक्टरांना ‘आय हॅव लिटल फीवर’ सांगितलं तर चालेल का? (गृहिणी, मेडिकल चौक)

‘अ’ची भानगड वर आलीच. पण तापाला ‘अ लिटल’ लावूनही वाक्य किंचित पोरकट लागतं. अंगात नुसती कसर असेल तर इंग्रजीत ‘अ स्लाइट फीवर’ किंवा ‘अ माइल्ड फीवर’ म्हणतात.

यामागची गोष्ट अशी की मराठीतला ‘थोडा’ कुठेही चालतो : थोडा ताप, थोडा पाऊस, थोडा वेळ, थोडा आवाज. इंग्रजीत प्रत्येक नामाने आपापला ‘थोडा’ ठरवून घेतलेला असतो. पाऊस ‘लाइट’, दुखणं ‘माइल्ड’ किंवा ‘स्लाइट’, दुखापत ‘मायनर’, ऐकू येईल न येईल असा आवाज ‘फेंट’, शक्यता ‘स्लिम’, धोका आणि किंमत ‘लो’, वेळ ‘शॉर्ट’. ‘थोडा वेळ थांबा’ म्हणताना ‘स्मॉल टाइम’ म्हणू नका, कारण ‘स्मॉल-टाइम’ हे विशेषण फुटकळ माणसाला, बहुधा भुरट्या चोराला लावतात. ‘अ लिटल व्हाइल’ म्हणा. ‘अ लिटल टाइम’ही आहे, पण त्याचा अर्थ ‘हाताशी थोडा मोकळा वेळ’ असा होतो.

क्रियापदाबरोबर मात्र ‘अ लिटल’ निर्धास्त वापरा : ‘इट हर्ट्स अ लिटल’, जरा दुखतंय. विशेषणाबरोबरही तो ‘जरा’चं काम करतो : ‘अ लिटल टायर्ड’, ‘अ लिटल लेट’. ‘आय अ‍ॅम लिटल बिझी’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, त्यात ‘अ’ राहून गेलेला असतो. सावजी रश्श्याला पाहुण्यांसमोर ‘अ लिटल स्पायसी’ म्हणणं व्याकरणाने शुद्ध आहे. खरं आहे का, ते घाम फुटल्यावर पाहुणे सांगतील.

प्रश्न : ‘स्मॉल’ आणि ‘लिटल’ दोन्ही म्हणजे लहान. मग मुलांनी ‘माय स्मॉल ब्रदर’ लिहिलं की लाल शाई का? मुलांना पटेल असं कारण हवं आहे. (शिक्षिका, प्रतापनगर)

मराठीतला ‘लहान’ दोन कामं करतो, आकाराचं आणि वयाचं. इंग्रजीने ती वाटून घेतली आहेत. ‘स्मॉल’कडे माप गेलं. ‘लिटल’कडे वय गेलं आणि त्याबरोबर जीवही. ‘माय लिटल ब्रदर’ म्हणजे धाकटा भाऊ, मग तो चाळिशीचा आणि सहा फुटी का असेना. ‘माय स्मॉल ब्रदर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला चणीने लहान असलेला भाऊ दिसतो. अर्जात किंवा निबंधात ‘यंगर ब्रदर’ लिहावं, घरगुती बोलण्यात ‘लिटल’.

मुलांना सांगायला आपल्याच भाषेतली जोडी आहे : ‘लहान’ आणि ‘चिमुकला’. ‘लहान खोली’ आपण दलालालाही सांगतो. ‘चिमुकलं घर’ म्हणतो तेव्हा त्या घराबद्दल काहीतरी वाटत असतं. ‘अ स्मॉल हाउस’ आणि ‘अ लिटल हाउस’ यांत तेवढंच अंतर आहे. म्हणूनच ‘लिटल’च्या आधी भावनेचं विशेषण हमखास येतं : ‘अ नाइस लिटल हाउस’, ‘पोअर लिटल बॉय’. तिथे ‘नाइस स्मॉल हाउस’ म्हटलं की लय मोडते. पण जीव म्हणजे दरवेळी माया नव्हे, तुच्छताही असते. ‘यू अँड युअर लिटल रूल्स’ म्हणजे ‘तुम्ही आणि तुमचे ते दीडदमडीचे नियम’.

वाक्यातल्या जागेचाही फरक आहे. ‘द रूम इज स्मॉल’ बरोबर, ‘द रूम इज लिटल’ कानाला खटकतं. क्रियापदानंतर ‘लिटल’ मुख्यतः वयासाठी शोभतो : ‘व्हेन आय वॉज लिटल’, आपल्या वऱ्हाडीत ‘लायनपनी’. ‘टू’ आणि ‘व्हेरी’ लावून आकार सांगायचा असेल तरी ‘स्मॉल’च. ‘टू लिटल’ म्हटलं की ते लगेच मात्रेबद्दल होतं, म्हणजे अगदीच कमी.

तुलनेची रूपंही पाहा. ‘लेस’ आणि ‘लीस्ट’ ही मात्रेची. आकारासाठी ‘स्मॉलर’ आणि ‘स्मॉलेस्ट’. नागपूरच्या सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी लढाई झाली, त्यातली धाकटी टेकडी इंग्रजीत ‘द स्मॉलर हिल’. तिला ‘लेस हिल’ म्हणता येत नाही. ‘लिटलर’ आणि ‘लिटलेस्ट’ आहेत, पण लहान मुलांच्या तोंडी किंवा लाडात. उत्तरपत्रिकेत नकोत.

आणखी एक गंमत, विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. ‘स्मॉल’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘बारीक, अरुंद’ असाही होता. त्याचा जर्मन भाऊ ‘श्माल’ आजही अरुंदच आहे. ‘स्मॉल इंटेस्टाइन’ या नावात तोच अर्थ बसतो. लहान आतडं सुमारे 6 मीटर लांब आणि मोठं आतडं सुमारे दीड मीटर, हे वाचून मुलं दरवर्षी बुचकळ्यात पडतात. नाव लांबीवरून नाही, व्यासावरून आहे. त्याला ‘बारीक आतडं’ म्हटलं असतं तर हा गोंधळच झाला नसता.

प्रश्न : ‘अ लिटल चिकन’ म्हणजे कोंबडीचं पिल्लू की थोडं चिकन? (वाचक, इतवारी)

दोन्ही. ‘चिकन’ मोजता येणारा पक्षी मानला तर पिटुकली कोंबडी, पातेल्यातलं मांस मानलं तर थोडं चिकन. ‘फिश’, ‘केक’, ‘कोकोनट’ यांचंही हेच. कोणता अर्थ ते संदर्भाने कळतं. जेवताना वाढून घ्यायचं असेल तर ‘अ लिटल बिट ऑफ चिकन’ किंवा ‘सम चिकन’ म्हणा, वादच नको.

प्रश्न : अंबाझरी तलावावर दिसणाऱ्या ‘लिटल इग्रेट’ या पांढऱ्या बगळ्याला ‘लिटल’ का म्हणतात? तो तर शेजारच्या ढोकरी बगळ्यापेक्षा मोठा दिसतो. (पक्षिनिरीक्षक, धरमपेठ)

निरीक्षण बरोबर आहे. ढोकरी साधारण 45 सेंटिमीटर असते आणि लिटल इग्रेट 60च्या आसपास. पण पक्ष्यांच्या नावातला ‘लिटल’ सगळ्या जगाशी तुलना करत नाही, आपल्याच भाऊबंदांशी करतो. पांढऱ्या बगळ्यांत मोठा, मधला आणि छोटा असे तीन, त्यातला हा धाकटा. काळी चोच आणि पिवळी पावलं ही त्याची ओळख. ढोकरी त्या तिघांत नाहीच, त्यामुळे तिच्याशी बरोबरी कुणी केलीच नाही. ‘लिटल कॉर्मरंट’चंही तसंच, तो मोठ्या पाणकावळ्याच्या मानाने लहान.

टिबुकली म्हणजे ‘लिटल ग्रीब’ मात्र खरोखरच छोटी असते, वीतभरापेक्षा जरा जास्त. तिचं मराठी नाव इंग्रजीपेक्षा सरस आहे. डुबुक करून बुडी मारणं त्या नावात ऐकू येतं.

काही नावांत ‘लेसर’ असतो. अडई बदक म्हणजे ‘लेसर व्हिसलिंग डक’. हा ‘लेसर’ म्हणजे ‘लेस’वर चढवलेलं आणखी एक तुलनेचं प्रत्यय, म्हणजे ‘कमीतर’सारखा प्रकार. तो दोघांतला धाकटा किंवा कमी महत्त्वाचा दाखवतो आणि नेहमी नामाच्या आधी येतो. ‘धिस इज लेसर दॅन दॅट’ चूक, तिथे ‘लेस दॅन’.

प्रश्न : ‘आय गॉट लेस मार्क्स’ यात ‘लेस’ चूक की बरोबर? (विद्यार्थिनी, नंदनवन)

यात दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि शिकवताना सहसा एकाचंच उत्तर दिलं जातं.

पहिला नेहमीचा : गुण मोजता येतात, म्हणून ‘लेस’ नको, ‘फ्यूअर’ हवं. परीक्षेत हेच लिहा. पण हा नियम समजतो तेवढा पुरातन नाही. मोजता येणाऱ्या नामांबरोबर ‘लेस’ इंग्रजीत हजार वर्षांपासून आहे. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने ‘अशा ठिकाणी मला फ्यूअर बरं वाटतं’ अशी आपली आवड सांगितली, आणि पुढे पाठ्यपुस्तकांनी त्याचा कायदा केला. पैसे, अंतर, वेळ आणि वजन यांच्या आकड्यांना तर आजही ‘लेस दॅन’च लागतं : ‘लेस दॅन फिफ्टी रुपीज’, ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’. पन्नास वेगवेगळ्या नोटा आपण मोजत नसतो, एक रक्कम सांगत असतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मराठीतला ‘कमी’ एकटा उभा राहू शकतो, ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ नाही. ते तुलनेचेच शब्द आहेत. ते ऐकल्यावर इंग्रज माणूस ‘दॅन हूम?’ची वाट पाहतो. मैत्रिणीपेक्षा कमी मिळाले असतील तर ‘फ्यूअर मार्क्स दॅन हर’. नुसतेच कमी मिळाले असतील तर ‘लो मार्क्स’. याच कारणाने ‘लेस प्राइस’ नव्हे, ‘लो प्राइस’. कॉफीच्या दुकानातलं ‘लेस शुगर’ चालून जातं, कारण ‘नेहमीपेक्षा’ हे मनात धरलेलं असतं.

प्रश्न : सरकारी कागदपत्रांचं भाषांतर करताना ‘स्मॉल’, ‘मायनर’, ‘मायक्रो’, ‘मार्जिनल’ या सगळ्यांना ‘लघु’ लिहिलं तर बिघडतं का? (भाषांतरकार, सिव्हिल लाइन्स)

चांगलंच बिघडतं. सरकारी भाषेत लहानपणालाही हद्द आखलेली असते आणि प्रत्येक शब्दाची हद्द निराळी.

शेतकऱ्यांपासून पाहू. ‘मार्जिनल फार्मर’ म्हणजे 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेला, मराठीत अत्यल्प भूधारक. ‘स्मॉल फार्मर’ म्हणजे 1 ते 2 हेक्टरवाला, अल्पभूधारक. इथे ‘लघु’चं काही काम नाही.

सिंचनात सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ‘मायनर इरिगेशन’ म्हणजे लघु पाटबंधारे. तलाव किंवा बंधारा, ज्याचं लाभक्षेत्र 2,000 हेक्टरपर्यंत आहे. 2,000 ते 10,000 हेक्टर मध्यम, त्यापुढे मोठा प्रकल्प. ‘मायक्रो इरिगेशन’ म्हणजे सूक्ष्म सिंचन, ठिबक आणि तुषार. पहिल्यात लहान आहे तो प्रकल्प, दुसऱ्यात लहान आहे ती पाण्याची धार. काटोलच्या संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या टाकायच्या आहेत आणि भाषांतरात ‘लघु पाटबंधारे’ लिहिलं, तर फाइल भलत्याच टेबलावर जाऊन बसेल.

उद्योगात 1 एप्रिल 2025 पासून नव्या मर्यादा लागू आहेत. ‘मायक्रो’ म्हणजे सूक्ष्म : यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत. ‘स्मॉल’ म्हणजे लघु : 25 कोटी आणि 100 कोटी. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात, एक जरी ओलांडली तरी वरच्या वर्गात. शंभर कोटींची उलाढाल करणाराही ‘लघु’ असतो, तेव्हा बुटीबोरीतल्या एखाद्या लघुउद्योजकाची कीव करण्यापूर्वी आकडे पाहून घ्यावेत.

सिंचन सोडलं तर ‘मायनर’ हा आकाराचा शब्द नाही, तो दर्जाचा आहे. ‘मायनर मिनरल’ म्हणजे गौण खनिज : वाळू, मुरूम, गिट्टी. ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ म्हणजे गौण वनोपज : तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू. तेंदूपत्त्यावर गडचिरोलीतल्या कितीतरी घरांचं वर्ष निघतं, पण कायद्याच्या नजरेत लाकूड प्रमुख आणि बाकीचं गौण. तिथे ‘लघु वनोपज’ लिहू नये. माणसाला लावलेला ‘मायनर’ म्हणजे 18 वर्षांखालचा. आज आपण अल्पवयीन म्हणतो, जुन्या कागदांत ‘अज्ञान’ असतं. सातबाऱ्यावर नावापुढे ‘अ.पा.क.’ दिसतं ते ‘अज्ञान पालनकर्ता’. तिथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, एवढं नव्या भाषांतरकाराला सांगून ठेवलेलं बरं.

आणि ‘स्मॉल कॉजेस कोर्ट’ला ‘लहान कारणांचं न्यायालय’ लिहिलेलं पाहण्यात येतं. ‘कॉज’ म्हणजे इथे दावा. प्रस्थापित शब्द लघुवाद न्यायालय.

प्रश्न : आमच्या बोलीतला ‘उलुसा’, किंवा ‘पिटुकला’, ‘इवलासा’ यांना इंग्रजीत काय म्हणायचं? प्रत्येक वेळी ‘व्हेरी स्मॉल’ लिहून कंटाळा आला. (कथालेखक, हिंगणा)

‘टायनी’ आहे, लाडिक बोलण्यात ‘टीनी’ आणि ‘टीनी-वीनी’ आहेत, स्कॉटलंडकडचा ‘वी’ आहे. पण तुमची अडचण शब्दाची कमी आणि घडणीची जास्त आहे.

मराठी वस्तू लहान करते ती बहुधा लिंग बदलून. डबा–डबी, सुरा–सुरी, लोटा–लोटी, टोपला–टोपली, हंडा–हंडी. पुल्लिंगी मोठा, स्त्रीलिंगी लहान, आणि वेगळा शब्द लागतच नाही. प्राण्यांच्या पिल्लांना नपुंसकलिंग आणि ‘रू’ : वासरू, कोकरू, शिंगरू, आणि माणसाचं लेकरू. इंग्रजीत नामांना असं लिंगच उरलेलं नाही, त्यामुळे ही सोय तिथे नाही. तिथे दोन वाटा आहेत. एक, मागे प्रत्यय जोडणं. ‘लेट’ : बुकलेट, लीफलेट, पिगलेट, ड्रॉपलेट. ‘लिंग’ : डकलिंग, आणि ‘प्रिय’ या अर्थाच्या ‘डिअर’ला जोडून झालेला डार्लिंग. ‘एट’ : किचनेट, सिगरेट. पण हे प्रत्यय आता हवे तिथे लावता येत नाहीत. ‘डबी’साठी ‘बॉक्सलेट’ कुणी म्हणत नाही. माणसाच्या दर्जाला ‘लिंग’ लावला तर अपमान होतो, ‘अंडरलिंग’ म्हणजे हाताखालचा क्षुद्र माणूस.

उरते दुसरी वाट, आणि तिथे पुन्हा ‘लिटल’च येतो. ‘डबी’ म्हणजे ‘अ लिटल बॉक्स’. ‘स्मॉल बॉक्स’ लिहिलंत तर डबीचा ‘छोटा डबा’ होतो आणि तुमच्या गोष्टीतली आजी कुंकवाऐवजी त्यात लाडू ठेवेल. ‘उलुसा’लाही ‘अ लिटल’ किंवा ‘अ टायनी लिटल’ हेच सगळ्यात जवळचं.

दोन्ही भाषांत अशा शब्दांचं लहानपण पुढे विसरलंही जातं. ‘गाडी’ ही एकेकाळी ‘गाड्या’हून छोटी होती, आता 24 डब्यांची रेल्वेही गाडीच. इंग्रजीत ‘बुलेट’ म्हणजे मुळात छोटा गोळा आणि ‘टॉयलेट’ म्हणजे फ्रेंचमधला छोटा कपडा, हे आज सांगितलं तरी पटत नाही.

प्रश्न : ‘मिनट डिटेल्स’ म्हणजे मिनिटांचे तपशील का? (विद्यार्थी, खामला)

स्पेलिंग तेच, शब्द वेगळा. ‘अत्यंत बारीक’ या अर्थी उच्चार ‘मायन्यूट’, जोर ‘न्यूट’वर. बातम्या वाचणारेही इथे घसरतात. मूळ मात्र एकच, लॅटिनमधला ‘बारीक केलेला’ या अर्थाचा शब्द. अंशाचा किंवा तासाचा पहिला बारीक भाग, साठावा, तो मिनिट. त्याचे पुन्हा साठ केले की दुसरा बारीक भाग, म्हणून ‘सेकंड’. हॉटेलातलं ‘मेन्यू’ही याच घरातलं, एकेक पदार्थ बारकाईने सांगणारी यादी.

‘मिनिस्टर’ही त्याच कुळातला. ‘कमी’ या अर्थाच्या ‘मायनस’वरून लॅटिनमध्ये ‘मिनिस्टर’ म्हणजे सेवक, आणि ‘जास्त’ यावरून ‘मॅजिस्टर’, म्हणजे आजचा मास्टर. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंत्र्यांसाठी रस्ते अडले की ही व्युत्पत्ती आठवायला हरकत नाही.

पण ‘मिनिएचर’ला या घरात घुसवू नका. तो ‘मिनियम’वरून आला, म्हणजे शिसं भाजून केलेला शेंदूर, आपण मारुतीला लावतो तो. हस्तलिखितांतली अक्षरं आणि चित्रं या रंगाने रंगवत. ती चित्रं आकाराने लहान असत म्हणून शब्दाला लहानपणाचा अर्थ चिकटला. ‘मिनीबस’मधला ‘मिनी’ त्याचंच तुकडा पाडलेलं रूप.

प्रश्न : ‘लिटल डिड आय नो’ या वाक्यात ‘डिड’ कुठून आला? (वाचक, सदर)

‘लिटल’ नकारार्थी आहे हे इथे उघड होतं. इंग्रजीत नकाराचा शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की पुढची रचना प्रश्नासारखी उलटते, जशी ‘नेव्हर’नंतर उलटते. त्यामुळे ‘लिटल आय न्यू’ चूक. अर्थही ‘थोडं माहीत होतं’ असा नाही, ‘जराही कल्पना नव्हती’ असा आहे. ‘नो’, ‘थिंक’, ‘रिअलाइज’, ‘इमॅजिन’ अशा मनाच्या क्रियापदांबरोबरच ही रचना शोभते.

प्रश्न : ऑफिसातली ‘पेटी कॅश’ म्हणजे पेटीत ठेवलेली रोकड ना? (लेखापाल, गांधीबाग)

नाही, जरी ती बहुतेक ठिकाणी पेटीतच ठेवतात. फ्रेंच ‘पेती’ म्हणजे लहान, त्याचा इंग्रजीत ‘पेटी’ झाला. चहा, झेरॉक्स, रिक्षाभाडं अशा किरकोळ खर्चाची रक्कम ती पेटी कॅश. ‘पेटी क्वारल’ म्हणजे क्षुल्लक भांडण. त्याचंच ‘पेटीट’ हे रूप चणीने लहान, नाजूक बाईसाठी वापरतात, आणि ते कौतुकाने. पेटीकोटही याच दुकानातला : मूळ शब्द ‘पेटी कोट’, छोटा कोट, आणि तो पंधराव्या शतकात पुरुष अंगरख्याखाली घालत.